भिंतीवरचा कोट

आमच्या बिझनेस स्कूलमध्ये फोटोसाठी एकच कोट आहे. गडद निळा, बेचाळीस नंबरचा. तो माझ्या कपाटात असतो, डांबराच्या गोळ्यांसोबत. ज्याला नोकरी लागली त्याला मी बोलावते, कोट चढवते आणि मागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो अंगाबरोबर करते. आमच्याकडची पोरं बेचाळीस नंबरची नसतात. कोणाला चार चिमटे लागतात, कोणाला सहा. पुढून मात्र फोटो असा येतो की पोराच्या आईनं दोनदा निरखून बघावं, हा आपलाच का म्हणून.

तो फोटो जिना चढून आल्याबरोबर समोरच्या भिंतीवर लागतो. खाली नाव, हुद्दा, कंपनी. डायरेक्टर सर त्या भिंतीला ‘वॉल ऑफ फेम’ म्हणतात, पोरं नुसती भिंत म्हणतात. ‘भिंतीवर गेला’ म्हणजे नोकरी लागली. आजवर एकशे एकोणीस जण भिंतीवर गेले आहेत, पोरी धरून, आणि एकशे एकोणीस जणांच्या अंगात माझा कोट आहे.

मी शकुन. अमरावतीत बडनेरा रोडला एका खाजगी विद्यापीठाचं हे बिझनेस स्कूल. नाव सांगून काय करायचं, फ्लेक्सवर मोठ्ठं लिहिलेलं असतंच. तिथल्या करिअर कक्षात मी कंत्राटी सहायक आहे. प्रवेशाचे अर्ज वाटायला म्हणून दोन महिन्यांसाठी घेतलं होतं, त्याला चौदा वर्षं झाली. शिक्षण बारावी. कॉम्प्युटर मी लॅबमध्ये फॉर्म पोचवायला जायची तेव्हा शिकले. बोर्डावर पुसायचं राहिलेलं असे ते उतरवून घ्यायचं आणि जेवणाच्या सुट्टीत करून पाहायचं. म्हणून मला काही गोष्टी फार चांगल्या येतात आणि काही अजिबात येत नाहीत, कारण त्या कोणीतरी पुसून टाकलेल्या होत्या.

दरवर्षी फेब्रुवारीत आमच्याकडे गुणगौरव सोहळा होतो. नोकरी लागलेल्या पोरांना ट्रॉफी, त्यांच्या आईवडिलांना शाल-नारळ. त्याआधी महिनाभर मी जुन्या पोरांना फोन लावते आणि एका शीटमध्ये माहिती भरते. त्यात ‘सध्याची स्थिती’ असा एक रकाना आहे. तो रिकामा ठेवला की लाल होतो आणि फाइल पुढे जात नाही. नोकरी लागल्याची तारीख लिहायला जागा आहे, सुटल्याची लिहायला नाही. हे मी एकदा सरांना विचारलं. सर म्हणाले, “शकुनताई, आपण यश मोजतो.” आणि चहा मागवला. भिंतीवर लागलेला फोटोही कधी खाली येत नाही. एका पावसाळ्यात ओल येऊन अकरा फोटो खराब झाले होते, ते आम्ही पुन्हा छापून लावले.

भिंतीवर न गेलेल्यांतली एक पोरगी माझ्या चांगली लक्षात आहे. प्रतीक्षा, तिवस्याकडची. घरी भाजीपाल्याची शेती. तिला अकोल्याला एमआयडीसीत एका दालमिलच्या ऑफिसात काम लागलं होतं, कुठला माल कोणत्या गाडीत चढला आणि कुठं गेला ते सगळं तिनं सांभाळायचं. खरी नोकरी, नेमणुकीच्या कागदासकट. मी तिला बोलावलं, कोट चढवला, चार चिमटे लावले. तेवढ्यात सर आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. “दालमिल, शकुनताई? भिंतीवर दालमिल कशी दिसेल?”

मी परत येऊन तिचे चिमटे काढले. म्हटलं, फोटोग्राफर आज येत नाही. ती म्हणाली, “राहू द्या न मॅडम. गरम बी होऊन राहिलं होतं.” कोटाची घडी तिनंच घालून दिली.

त्याच्या दोन वर्षं आधीचा शिवम. पातूरकडचा, फुलांच्या मळ्यातला. सहा चिमट्यांचा पोरगा. नागपूरहून एक सर मुलाखतीची तालीम घ्यायला यायचे. त्यांनी विचारलं, स्वतःबद्दल सांग. शिवमनं झेंडू कधी तोडावा, क्रेटमध्ये कसा भरावा, पितृपक्षात त्याचा भाव कसा पडतो आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी कसा डोक्यावर बसतो, हे दहा मिनिटं सांगितलं. इतकं चांगलं सांगितलं की मी फायली लावायचं थांबवून ऐकत राहिले. सर म्हणाले, “हे सगळं काढून टाक. बाकी काय आहे?”

बाकी काही नव्हतं. पण पोरानं ते तयार केलं. सहा महिने आरशासमोर इंग्रजी बोलला, ‘मले-तुले’ सोडलं, आणि पुण्याच्या एका कंपनीत लागला. दुकानदारांना फोनवरून कसलंतरी ॲप विकायचं काम होतं. गुणगौरवाला त्याचे वडील शालिकरामभाऊ आले होते ते पाहुण्यांसाठी घरच्या शेवंतीचे हार घेऊन. कार्यक्रम संपल्यावर अंगावरची शाल तशीच ठेवून ते भिंतीसमोर उभे राहिले, आणि पोराच्या फोटोवर चष्म्याच्या काडीनं हळूच टकटक केलं. काच पक्की आहे का पाहत होते म्हणे.

पुढच्या दसऱ्याला मी अकोल्याला बहिणीकडे गेले होते. बाजारात फुलं घ्यायला गेले तर झेंडूच्या ढिगामागे शिवम. अंगात बनियन, कानाला फोन. मला पाहून त्यानं फोन ठेवला आणि आधी बनियनवर शर्ट चढवला.

“मावशी, तुमी अकोल्यात?”

“तू पुण्यात ना रे?”

“पाच महिने होतो. मंग त्यायनं आमचा अख्खा मजला बंद केला. मेल आला. सकाळी कार्ड लावलं तं दारच उघडे ना.” तो हसला. “आता दार नाही मावशी, सगळं उघडंच हाय.”

“मला सांगायचं तरी.”

“काय सांगू? तुमाले सांगतलं तं तुमी भिंतीवरचा फोटो काढसान.” त्यानं पिशवीत फुलं भरायला घेतली, भाव न करता. “गावात सांगतलं घरून काम हाय म्हून. लॅपटॉप घेऊन मळ्यात बसतो थोडा वेळ. लोक म्हनतात, पोरगा बांधावरून कंपनी चालवते. राहू द्या न मावशी फोटो. बाबा दर महिन्याले मोबाईलवर तोच पायतात.”

पिशवी जड होती. पैसे घेतले नाहीत त्यानं. जानेवारीत मी शीट भरायला बसले, शिवमच्या ओळीशी आले आणि रकाना लाल झाला. मी त्यात ‘कार्यरत’ लिहिलं. खोटं कुठं होतं? पहाटे चारला उठून फुलं तोडणारा पोरगा कार्यरत नाही तर काय आहे. असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढच्या ओळीवर गेले. एका वर्षी लिहिलेला शब्द पुढच्या वर्षीच्या शीटमध्ये आपोआप उतरतो, पुन्हा टाइप करावा लागत नाही.

मग यंदाची संक्रांत झाली आणि एका संध्याकाळी त्याचा फोन आला.

“मावशी, एक सोयरीक चालून राहिली. पोरीकडचे लोक उद्या तुमच्याकडे येऊन राहिले चौकशीले. बाबानं सांगून देलं त्यायले, विश्वास नसंल तं भिंत पाहून या म्हून.”

“शिवम, खरं सांगून टाक ना बाबा.”

“सांगतलं होतं मावशी. तीन ठिकानी सांगतलं. फुलं इकतो म्हनलं का चहा अर्धा ठेवून उठतात. अन् कोन उठतात? भाजीवाले उठतात, संत्रेवाले उठतात. ज्यायच्या घरी मातीच हाय थेच उठतात.” मग म्हणाला, “तुमाले खोटं बोला नाही म्हनत. तुमी फक्त भिंत दाखवा. बाकी काही बोलू नका.”

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोनवर हे फार सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दोघं आले. भगवंतराव, मुलीचे वडील, पांढरा सदरा, टोपी हातात. आणि त्यांची थोरली बहीण वच्छलाबाई, जाड भिंगाचा चष्मा, पदर कमरेला खोचलेला. भगवंतराव खुर्चीच्या काठावर बसले. वच्छलाबाई बसल्याच नाहीत, त्या भिंतीकडे गेल्या आणि एकेक फोटो असा पाहू लागल्या जशा बाया बाजारात वांगी पाहतात, देठ धरून.

“आमी तिवस्याकून आलो, मॅडम. एक चौकशी होती,” भगवंतराव म्हणाले. “पातूरचे शालिकरामजी हायत, त्यायचा शिवम. तो कामावर हाय ना? वडील म्हनतात घरून काम हाय. आजकाल असते म्हनतात तसं. पन घरून काम अन् घरी बसनं, आमाले तं दोन्ही सारखंच दिसते.”

मी काही बोलायच्या आत भिंतीकडून आवाज आला. “अवं माय, या सगळ्यायच्या अंगात एकच कोट दिसून राहिला.”

“ड्रेसकोड आहे, बाई,” मी म्हटलं.

“अन् मधलं बटन बी सगळ्यायचं एकाच जागी तुटेल हाय?”

ते बटण चौदा वर्षांत आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ना माझ्या, ना सरांच्या, ना तपासणीला आलेल्या कुठल्या समितीच्या. मला हसू आलं. म्हटलं, “बाई, तुम्ही आमच्या पोरांच्या मुलाखती घ्यायला या.” त्याही हसल्या. भगवंतराव हसले. आणि त्या हसण्यात जे विचारायचं होतं ते वाहून गेलं. ती माझ्यासाठी उघडलेली वाट होती, मीच गंमत करून ती बंद केली.

“तिची एकच अट हाय, मॅडम,” वच्छलाबाई माझ्या टेबलाशी येत म्हणाल्या. “आमच्या पोरीची. म्हनते, आत्या, नवरा काळा आना, गोरा आना, माहं काम सुटलं नाही पाहिजे. अन् आमचं म्हननं येवढंच का पोरगी मातीतून काढाची म्हून तं शिकोली. पुन्हा मातीतच कायले द्याची? पुन्याले राहतीन, दोघं बी ऑफिसात जातीन. इतलंच पायजे.”

भगवंतराव माझ्याकडे बघत होते. सही कुठं करायची ते दाखवा, असं बघतात तसे.

मी तोंडानं खोटं बोलले नाही. मी शीट उघडली, शिवमच्या ओळीवर आले आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी बोट लावून वाचलं. “का-र्य-र-त. म्हंजे कामावर.”

“नोंद तशी आहे,” मी म्हणाले.

“कॉम्पुटरवर हाय म्हंजे झालं,” ते म्हणाले आणि टोपी डोक्यावर घातली. जणू देवळातून बाहेर पडत होते.

का केलं? मला विचारलं तर मी दहा कारणं देईन. सर बाजूच्या खोलीत होते. मार्चमध्ये माझा करार संपतो. पण खरं एवढंच की त्या पोराच्या पाठीला मी सहा चिमटे लावले होते, आणि तीन घरांतून अर्धा चहा ठेवून लोक उठले होते. मला वाटलं, मी दया करतेय.

जाता जाता वच्छलाबाई पुन्हा भिंतीशी थांबल्या. “आमची पोरगी बी इथंच शिकेल हाय, मॅडम. तिचा फोटो नाही दिसत. प्रतीक्षा. अकोल्याले दालमिलमधी हाय, चार वर्ष झाले.”

माझ्या हातात शाली मोजायची यादी होती. मी तिच्याकडे पाहत राहिले. म्हणजे यादीकडे. आता तरी म्हणायला हवं होतं, बाई, दोन मिनिटं आत या. पण सरांनी आतून हाक मारली, ट्रॉफ्यांवर नावं चुकीची आलीत म्हणून, आणि मी “हो सर” म्हणाले. ते दोघं जिना उतरून गेले. वच्छलाबाईंचे गुडघे दुखत असावेत, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या. मी धावले असते तर सहज गाठलं असतं.

त्यानंतर पाच आठवडे मी रोज ठरवत होते की प्रतीक्षाला फोन करायचा. तिचा नंबर तर माझ्याच शीटमध्ये होता. दोनदा लावला आणि पहिली रिंग व्हायच्या आत तोडला. एकदा शिवमला लावला. त्यानं उचलला नाही, फक्त दोन हात जोडलेलं चित्र पाठवलं.

गुणगौरवाच्या आदल्या दिवशी दुपारी ती आली. खाली मांडव घालणं चाललं होतं, फोटोग्राफर यंदाच्या पोरांचे फोटो काढून नुकताच चहाला गेला होता, कोट माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. प्रतीक्षा दारात उभी राहून हसली. हातात पत्रिकांची पिशवी.

“मॅडम, पहिली तुमाले. तुमच्यामुळंच जमलं म्हनते आत्या.”

मी पत्रिका घेतली. हळद लावलेली, गणपतीचं चित्र, खाली दोघांची नावं, दोघांच्या नावापुढं एमबीए. मी म्हटलं, बस. ती बसली आणि पर्समधून एक फाइल काढली.

“एक काम बी होतं. पुन्याले माह्यासाठी काही जागा पाहा न. मी दालमिलचं काम सोडलं.”

“कधी?”

“एक तारखेपासून. आता तिकडंच जाचं तं इकडं कायले अडकून राहाचं. मालकानं त्याचा भासा बसवला माह्या जागी. रडली मी थोडी.” ती हसली. “चार वर्ष त्या गाड्यायचे नंबर पाठ होते मॅडम, अजून बी झोपेत येतात. मी काय म्हनतो, शिवमच्याच कंपनीत पाहा न. तुमच्याजवळ एचआरचा नंबर असंनच. त्याले सांगतलं तं तो लाजते.”

करिअर कक्षाच्या दारावर पाटी आहे: ‘तुमच्या यशासाठी सदैव तत्पर’. ती मीच टाइप केली होती. तिच्याखाली बसून मी त्या पोरीला सांगितलं. सगळं एका दमात नाही. आधी कंपनी, मग मजला बंद झाला ते, मग अकोल्याचा बाजार, मग शीट. मांडवाचे खांब ठोकल्याचा आवाज येत होता.

“भिंतीवर हाय न तो?” तिनं विचारलं.

“आहे.”

“मंग?”

“फोटो उतरवत नाही आम्ही, प्रतीक्षा. लागला की लागला.”

“आत्याले तुमी कॉम्पुटरवर दाखवलं.”

“दाखवलं. रकाना रिकामा ठेवता येत नाही त्यात. मी लिहिलं होतं.”

“तुमाले तवा माहीत होतं.”

“हो.”

तिनं पाणी मागितलं. मी दिलं. तिनं ते हातात धरून ठेवलं, प्यायली नाही. मी वाट पाहत होते की ती शिवी देईल, रडेल, फाइल फेकेल. मी त्याच्यासाठी तयार होते. ती जे बोलली त्याच्यासाठी नव्हते.

“मले फुलवाला चालला असता, मॅडम.”

पत्रिका अजून माझ्या हातात होती, ती मी टेबलावर ठेवली.

“पातूर ते अकोला किती लांब हाय? तो सकाळी गाडीत फुलं घेऊन आला असता अन् मी संग आली असती. त्याचा बाजार अकोल्याले, माही मिल अकोल्याले. संध्याकाळी सोबत परत. माही अट तं येवढीच होती न, काम सुटलं नाही पाहिजे.” ती ग्लासात बघत होती. “मले कोनी पुसलंच नाही. बाबानं भिंतीले पुसलं, आत्यानं तुमाले पुसलं. तो बी फोनवर निरा पुन्याचंच बोलते. एक डाव फुलायचं बोलला असता.”

मी फोन उचलला. दालमिलच्या ऑफिसचा नंबर होता माझ्याकडे. म्हटलं, मी बोलते मालकांशी. ती नको म्हणेपर्यंत लागला होता. तिकडून एका पोरानं उचलला, बहुतेक भाचाच. म्हणाला, “जागा भरली मॅडम. पुढं लागलं तं सांगू. बायोडेटा पाठवून ठेवा.” चौदा वर्षं हे वाक्य मी पोरांना सांगत आले. आज पहिल्यांदा मला कोणी सांगितलं.

“चल, मी येते तुझ्या घरी,” मी म्हणाले. “मी सांगते भगवंतरावांना. माझी चूक आहे, मी पदरात घेते.”

“तुमी पदरात घ्यान मॅडम, पन ते मावन कुठं?” ती शांतपणे म्हणाली. “पत्रिका वाटून झाल्या. आत्यानं अर्ध्या तिवस्यात सांगून ठेवलं, पुन्याचा जवाई म्हून. आता मोडलं तं पोरीनंच काहीतरी केलं असंन म्हनतीन. वरून घरी बसेल हाय, काम बी नाही. मंग बाबा दुसरा पायतीन. थो बी असाच, भिंतीवरचा.”

“मग काय करणार?”

“लग्न करीन. दुसरं काय. लग्न झाल्यावर तो सांगंन मले, रडंन, मी, मले माहीतच नव्हतं, असं दाखवीन.” तिनं ग्लास टेबलावर ठेवला, भरलेला. “त्याले सांगू नका मले माहीत हाय म्हून. त्याच्याजवळ तेवढंच हाय.”

मला वाटलं हिच्या पाया पडावं. पण तेवढ्यात डायरेक्टर सर आत आले, त्यांच्यामागे चहा पिऊन आलेला फोटोग्राफर. सरांनी टेबलावरची पत्रिका उचलली, नावं वाचली, आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला. सर वाईट माणूस नाहीत. त्यांना पोरांचं भलं झालेलं आवडतं, आणि ते झालं आहे असं समजायला त्यांना फार कमी लागतं.

“आपलेच दोघं? वा. शकुनताई, आपल्या भिंतीवरचं हे पहिलं दांपत्य. शिवम आहेच. हिचा फोटो आत्ताच काढून घ्या, शेजारी लावू. उद्या पाहुण्यांना दाखवता येईल. कुठं, पुण्यालाच ना दोघं?”

मी प्रतीक्षाकडे पाहिलं. ती उभी राहिली होती.

“हो सर,” ती म्हणाली. त्या दोन शब्दांत गावाकडचं ‘हाव’ नव्हतं. आम्हीच शिकवलं होतं.

मी खुर्चीवरचा कोट घेतला. तिनं हात मागे केले, मी बाह्या चढवल्या. चार वर्षांपूर्वी हाच कोट मी तिच्या अंगावरून काढला होता, खरी नोकरी होती तेव्हा. मागे जाऊन मी चिमटे लावू लागले. तेव्हा चार लागले होते. आता पाच लावून झाले तरी खांदे पडतच होते. सहावा लावताना माझा हात तिच्या पाठीला लागला. पाठ थरथरत होती, बारीक, गाडी उभी असून इंजिन चालू असावं तशी. समोरून काही दिसत नव्हतं. फोटोग्राफर म्हणाला, थोडं हसा, आणि ती हसली.

“खाली काय टाकू, मॅडम?” त्यानं मला विचारलं. “नाव, हुद्दा, कंपनी?”

मी शीट उघडली. प्रतीक्षाच्या ओळीत दालमिलचं नाव होतं. हलक्या आवाजात विचारलं, “हेच राहू देऊ?”

“ते तं सुटलं न मॅडम,” ती म्हणाली.

मी दालमिल पुसली. तोही रकाना लाल झाला. ती माझ्या खांद्यामागून स्क्रीनकडे पाहत होती.

“लिहा काहीतरी,” ती म्हणाली. “रिकामं ठेवता येत नाही न.”

मी शिवमच्या ओळीतून कंपनीचं नाव उचललं आणि तिच्या ओळीत टाकलं. दोन बटणांचं काम. ते मला फार चांगलं येतं.

तिनं घाईघाईनं कोट उतरवला, घडी घातली, तशीच, चार वर्षांपूर्वीसारखी, बाह्या आत घेऊन. पत्रिकांची पिशवी घेतली आणि “येतो मॅडम” म्हणून गेली. फाइल माझ्या टेबलावरच राहिली.

मी कपाट उघडून कोट ठेवला, त्याचे काढलेले चिमटे डब्यात टाकले. पाचच होते. खिडकीशी गेले. खाली मांडवात उद्याचा फ्लेक्स चढवत होते, त्याच्या बाजूनं ती गेटकडे चालली होती. सहावा चिमटा तिच्या ओढणीला पाठीवर तसाच लटकत होता, हिरवा. गेटाबाहेर भगवंतराव गाडी घेऊन उभे होते. तिला पाहून त्यांनी पिशवी घेतली, काहीतरी विचारलं, तिनं मान हलवली. त्यांनी वर, आमच्या इमारतीकडे पाहून, मी दिसत नसतानाही, नमस्कार केला.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. ती मागे बसली, गाडी सुरू झाली. बडनेरा रोडच्या वळणापर्यंत मला तो चिमटा दिसत होता. मग मधे एक ट्रक आला आणि तो दिसेनासा झाला.